चावी लावण्याआधी

पहाटे पाचच्या सुमारास आमच्या गल्लीत एक बॉनेट उघडतं. शेजारच्या मामांची बोलेरो पिकअप. एमएच १३ पासिंगची, जुनीच घेतलेली. कांद्याच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी गावाकडून भरून आणलेली गाडी पहाटे हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात न्यायची असते. लिलावाआधी माल उतरायला हवा, म्हणजे घाई असतेच. तरी मामा आधी चावी लावत नाहीत. ऑईलची काडी ओढतात, फडक्याने पुसतात, पुन्हा आत घालतात, पुन्हा ओढतात आणि मोबाईलच्या उजेडात बघतात. इंजिन रात्रभर थंड झालेलं, सगळं ऑईल खाली उतरलेलं, त्यामुळे खरी पातळी याच वेळी कळते. काडीवर दोन खुणा असतात, त्यांच्यामध्ये ओल दिसली की झालं. वरच्या खुणेच्या वर गेलेलंही बरं नाही, ऑईलला फेस येतो. मग रेडिएटरचं पाणी. मग चारी टायर आणि स्टेपनी. ओझ्याने पाटे बसलेत का, तेही वाकून बघायचं. शेवटी गाडी चार हात पुढे घेतात, खाली उतरतात आणि ती रात्रभर उभी होती त्या जमिनीवर उजेड टाकतात. एखादा थेंब पडलाय का? सगळं मिळून पाच मिनिटं.

ही गाडी घेतली तेव्हाची गोष्ट मामा रंगवून सांगतात. आधी दुसरीच एक आवडली होती. नवा रंग, चकचकीत टायर, धुतलेलं इंजिन. बरोबर नेलेल्या मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही आधीच गरम करून ठेवलीय. उद्या सकाळी येतो, थंड असताना माझ्यासमोर चालू करा." सकाळी चालू केली तर मागे निळा धूर. ऑईल जळत होतं. शेवटी घेतली ती दिसायला अगदीच बापुडवाणी. फाळका चेपलेला, हौद्याचा रंग उडालेला. पण ड्रायव्हरच्या पुढच्या खणात एक वही होती. ऑईल कधी बदललं, फिल्टर कधी, ग्रीसिंग कधी, सगळं किलोमीटरसकट पेनाने लिहिलेलं. मिस्त्रींनी चेसीस नंबर पुसून आरसी बुकाशी ताडून पाहिला, फायनान्सचं कर्ज फिटल्याचा कागद मागून घेतला, पण मन त्या वहीवरच बसलं होतं. मला यातलं एक फार पटलं. जुन्या गाडीबरोबर आधीच्या मालकाच्या सवयीही घरी येतात. नावावर करून घ्यायला कायदा ३० दिवस देतो. मामांनी फॉर्म २९ आणि ३० पहिल्याच आठवड्यात भरले. वही मात्र त्याच दिवशी पुढे चालू केली, आधीच्या माणसाने सोडली त्याच ओळीखाली.

एकदा मी विचारलं, "मामा, रोज एवढं बघता, गाडीची फार धास्ती वाटते का?" ते हसले. "उलटं आहे ताई. बघितलं की दिवसभर भ्या वाटत नाही." मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिले. आपण बघण्यालाच काळजी समजतो आणि काळजी नको म्हणून बघायचं टाळतो. गॅसची नळी कधी बदलली ते आठवत नाही. आईची बीपीची गोळी संपत आली का, तेही स्ट्रिप रिकामी झाल्यावर कळतं. मग मनाच्या कोपऱ्यात एक हुरहुर दिवसभर राहते, कशाची ते धड सांगता येत नाही. मामांची हुरहुर पहाटेच निकालात निघते. मागे एका सकाळी त्यांना जमिनीवर रुपयाएवढा डाग दिसला. त्यांनी दुसऱ्याच्या गाडीत माल चढवून दिला, आपली गॅरेजला नेली. ऑईलच्या नटाखालचा वॉशर गेला होता. एक भाडं बुडालं. तसंच निघाले असते, तर एप्रिलच्या उन्हात कुठल्या तरी माळावर इंजिन धरून बसलं असतं. सोलापूरचं ऊन काय चीज आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही सवय त्यांच्या घरातलीच. वडील यंत्रमागावर होते. पाळी सुरू होताना आधी मागाला तेल, मग धोटा, हे मामांनी लहानपणी डबा पोचवायला गेल्यावर रोज पाहिलेलं. आज तुमच्याकडेही पाच मिनिटं आहेत, म्हणून तर हे वाचताय. स्कूटर असो, मोटार असो, बाहेर काढलीत की क्षणभर थांबा आणि ती उभी होती त्या जागेकडे एकदा वळून बघा.