घर विकताना भाडेकरूचा हक्क

माणसाची दीनदारी मशिदीत दिसते, तशी ती व्यवहारातही दिसते. पेण-रामवाडी परिसरात आज अनेक घरमालकांपुढे अशाच कसोटीचा प्रश्न उभा आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि या पट्ट्यातील जागांना चांगला भाव येऊ लागला. भाड्याने दिलेल्या घरासाठी ग्राहक चालून येतो आणि म्हणतो, ‘घर रिकामे करून द्या.’ कराराचे सहा महिने अजून शिल्लक असतात आणि भाडेकरूची मुले ऐन शालेय वर्षाच्या मध्यावर असतात. अशा वेळी मालकाने काय करावे?

आधी भाडे म्हणजे काय, ते समजून घेऊ. शरीअतमध्ये याला इजारा म्हणतात. त्यात मालक वास्तू विकत नाही. ठरलेल्या मुदतीपुरता तिचा उपभोग मोबदला घेऊन देऊन टाकतो. म्हणजे त्या सहा महिन्यांचा वास त्याने आधीच दुसऱ्याच्या हवाली केलेला आहे. जे आपल्या हाती उरलेले नाही, ते पुन्हा विकण्याचा अधिकार कोणाला आहे? सूरह माइदाच्या आरंभीच श्रद्धावंतांना करार पाळण्याची आज्ञा आहे.

कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत. या मसलकाच्या मान्य मतानुसार भाड्याने दिलेल्या घराची विक्री वैध आहे, परंतु तिने इजारा तुटत नाही. खरेदीदार मालक होतो. वास मात्र त्याला मुदत संपल्यावर मिळतो. हनफी मतानुसार अशी विक्री भाडेकरूच्या हक्कापुरती थांबून राहते. मालक कर्जात बुडाला असेल आणि ते फेडण्यास घराखेरीज दुसरे साधन नसेल, तर काजी इजारा रद्द करू शकतो, असेही हनफी फुकहांनी म्हटले आहे. म्हणजे खऱ्या अडचणीला वाट आहे. पण वाढलेला भाव ही अडचण नव्हे.

आता देशाचा कायदा पाहू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ नुसार भाडेपट्ट्याच्या घराचा खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये भाडेकरूला काढण्याची कारणे दिली आहेत. केवळ घर विकले, हे त्यांत नाही. मात्र आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर दिली जातात. तेथे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम ५९ म्हणते की, परवाना देणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरित केली, तर नवा मालक त्या परवान्याने बांधला जात नाही.

खरा नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. कायद्याने मोकळा झालेला माणूस अल्लाहसमोरही मोकळा होतो काय? फुकहांचा नियम आहे की, करारात शब्दांपेक्षा हेतू आणि अर्थ पाहावा. दरमहा पैसे घेऊन ठराविक काळ राहू देणे, याला कागदावर काहीही नाव द्या, अर्थाने तो इजाराच आहे. म्हणून विक्रेत्याने ग्राहकाला भाडेकरूची उरलेली मुदत आधीच सांगावी आणि ती पाळण्याची अट खरेदीखतात लिहून घ्यावी. ती लपवणे म्हणजे ग्राहकाचीही फसवणूक आहे. अनामत रक्कम कोण परत करणार, हेही विक्रीपूर्वीच तिघांनी लिहून ठेवावे.

सहीह बुखारीत हजरत अबू राफे (रजि.) यांचा प्रसंग आहे. हजरत सअद (रजि.) यांच्या वाड्यातील आपल्या दोन खोल्या त्यांनी आधी सअद यांनाच देऊ केल्या. बाहेर पाचशे दीनार मिळत असताना त्यांनी कमी किंमत आणि हप्ते स्वीकारले, कारण शेजाऱ्याचा हक्क अधिक असल्याचे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून ऐकले होते. भाडेकरूला शुफ्आचा कायदेशीर हक्क नाही, हे खरे. तरीही वर्षानुवर्षे भाडे भरणाऱ्या कुटुंबाला आधी विचारण्यात कोणते नुकसान आहे?

हाच तराजू भाडेकरूलाही लागू आहे. मुदत संपल्यावर घर अडवून धरणे, जाण्यासाठी पैसे मागणे किंवा येणाऱ्या ग्राहकाला घर पाहू न देणे, हा जुलूमच आहे. परवान्याची मुदत संपूनही जो जागा सोडत नाही, त्याच्याकडून दुप्पट शुल्काने भरपाई घेण्याची तरतूद १९९९ च्या कायद्यात आहे. परंतु मोमिनाला दंडापेक्षा हिशेबाच्या दिवसाची भीती अधिक असावी.

वाचकहो, घराची किंमत एकदाच मिळते आणि खर्चही होते. मुदतीआधी रस्त्यावर आलेल्या कुटुंबाचा हक्क मात्र आपल्या माथी तसाच राहतो आणि तो त्या कुटुंबाने माफ केल्याशिवाय फिटत नाही. अल्लाह आपल्या व्यवहारांत प्रामाणिकपणा आणि बरकत देवो. आमीन.