एका घरासाठी रस्ता

कल्पना करू या. सात माणसे एका टेबलाभोवती बसली आहेत. बाहेर हिमवर्षाव चालू आहे. त्यांच्यासमोरचा विषय साधा आहे : सहा मैलांचा एक खडीचा रस्ता. त्या रस्त्याच्या टोकाला आता एकच घर उरले आहे आणि त्यात एक वृद्ध जोडपे राहते. दर हिवाळ्यात बर्फ हटवायचा, दर उन्हाळ्यात खडी पसरायची. यंत्र, इंधन, चालकाचा पगार... हा खर्च दोन माणसांसाठी किती वर्षे करीत राहायचा? सातही जण त्या जोडप्याला नावानिशी ओळखतात. म्हणूनच कोणी लवकर बोलत नाही.

हा प्रसंग मी कल्पिलेला असला, तरी त्यातला प्रश्न काल्पनिक नाही. कॅनडातील सास्काचेवान प्रांतात, प्रेअरीच्या अफाट गवताळ मैदानात, तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. तेथील ग्रामीण भागाचा कारभार ‘रूरल म्युनिसिपालिटी’ नावाच्या संस्था पाहतात. नावात म्युनिसिपालिटी असली, तरी तिचे स्वरूप आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळचे आहे. सरपंचासारखा एक ‘रीव्ह’ आणि प्रत्येक विभागाचा एक सदस्य मिळून जमिनीवर कर बसवतात आणि मुख्यतः रस्ते सांभाळतात. अशा २९६ संस्था त्या प्रांतात आहेत. साधारणपणे एकीचा विस्तार १८ मैल लांब व १८ मैल रुंद, म्हणजे सुमारे ८४० चौरस किलोमीटर. त्यांपैकी नैऋत्येकडील ‘ग्लेन मॅकफर्सन क्रमांक ४६’ या म्युनिसिपालिटीची लोकसंख्या २०१६ च्या जनगणनेत शंभरही भरली नाही! एखाद्या लग्नाच्या मांडवात याहून अधिक माणसे असतात.

ही भूमी नेहमीच अशी ओस नव्हती. १८७२ च्या कायद्याने सरकारने १६० एकर जमीन अवघ्या १० डॉलर शुल्कात देऊ केली. अट एवढीच, की तेथे राहावे आणि ती कसावी. युरोपातून माणसांचे लोंढे आले. १९३१ साली सास्काचेवानची लोकसंख्या ९ लाख २१ हजारांवर गेली आणि लोकसंख्येत तो कॅनडातला तिसरा प्रांत ठरला. मग अवर्षणाची वर्षे आली आणि मातीची वादळे उठली. पुढे ट्रॅक्टर मोठे होत गेले, शेते मोठी होत गेली आणि शेतकरी घटत गेले. १९३६ साली तेथे सुमारे १ लाख ४२ हजार शेते होती. २०२१ मध्ये सुमारे ३४ हजार उरली. प्रांताची लोकसंख्या आज ११ लाखांच्या वर आहे. परंतु माणसे सास्काटून आणि रेजायना या शहरांकडे सरकली. रेल्वेचे फाटे उखडले गेले, धान्याची उंच लाकडी कोठारे पाडली गेली. १९९३ साली सरकारने ५२ लहान ग्रामीण रुग्णालयांतील आंतररुग्ण सेवा बंद केली. श्रद्धेचे घरही यातून सुटले नाही. एका फ्रेंच भाषिक धर्मगुरूने वसविलेल्या ग्रॅव्हलबर्ग गावी १९३० साली बिशपांचे आसन आले. १९९८ साली तो धर्मप्रांत विसर्जित करून शेजारच्या धर्मप्रांतांत वाटून टाकण्यात आला.

आता हिशेब मांडणाऱ्यांचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. ते काही निष्ठुर लोक नव्हेत. कराचा पैसा सर्वांचा असतो. एका घराच्या रस्त्यावर खर्च झालेला डॉलर दुसऱ्या गावच्या पुलावर खर्च होत नाही. वीस मुलांच्या शाळेला जे मिळायला हवे ते दोन माणसांच्या बर्फात घालवणे, हाही एक अन्यायच असू शकतो. संख्या ही निर्जीव वस्तू नाही. प्रत्येक आकड्यामागे एक चेहरा असतो. अधिकांचे भले पाहणे यात पाप कोणते?

तरीही मन स्वस्थ होत नाही. याचे एक कारण त्या भूमीच्या इतिहासातच आहे. वसाहतकार आले तेव्हा ही जमीन ‘रिकामी’ आहे असे म्हटले गेले. ती रिकामी नव्हती. क्री, असिनिबॉइन, मेती अशा लोकांचे ते घर होते. १८७४ साली क्वापेल येथे करार झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत गव्यांचे कळप नाहीसे झाले. आणि १८८० च्या दशकात उपाशी माणसांचा शिधा रोखून त्यांना राखीव जमिनींवर जाणे भाग पाडले गेले. ‘येथे फारसे कोणी नाही’ हे वाक्य त्या मैदानावर एकदा उच्चारले गेले आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली हेही ठाऊक आहे. थोड्यांना शून्य समजण्याची सवय एकदा लागली, की उद्या कोणाची पाळी येईल हे सांगता येत नाही. काल ज्यांच्या आजोबांना ती जमीन ‘रिकामी’ म्हणून मिळाली, त्यांच्याच नातवंडांना आज त्याच शब्दाचा धाक वाटावा, ही इतिहासाची कठोर शिकवण आहे.

मग मोजणेच वाईट का? मला तसे वाटत नाही. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो. शंभरांतील एक हरवले हे मेंढपाळाला कसे कळले? त्याने मोजले म्हणून! मोजणे दोन प्रकारचे असते. एक, कोण राहिले आहे हे कळावे म्हणून. दुसरे, कोणाला सोडून देता येईल हे ठरावे म्हणून. आकडे तेच, पाटी तीच. हेतू मात्र निराळा.

आणखी एक गोष्ट. २००० साली सरकारने नेमलेल्या एका कार्यगटाने या लहान संस्थांचे सक्तीने विलीनीकरण सुचवले. ग्रामीण जनतेने इतका विरोध केला, की सरकारला माघार घ्यावी लागली. त्या विरोधात थोडा हट्ट असेलही. पण त्यात एक सत्य होते. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले : जे काम लहान समाज स्वतः करू शकतो, ते त्याच्या हातून काढून मोठ्या संस्थेकडे देणे हा अन्याय होय. याचा अर्थ लहानांना वाऱ्यावर सोडावे असा मात्र नाही. जेथे लहानांचे बळ कमी पडते तेथे मोठ्यांनी हात द्यावा. त्यांच्या जागी स्वतः बसू नये.

कारण माणसे कमी झाली म्हणून जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते. गर्दीत कर्तव्य चुकवता येते. कोणीतरी करील, असे म्हणून पुढे जाता येते. शंभरांहून कमी माणसांत ‘कोणीतरी’ नावाचा माणूसच नसतो. रीव्ह तोच, आग विझवायला धावणाराही तोच. मैलभर अंतरावरच्या माणसालाही तो शेजारी म्हणतो, कारण वादळात दुसरे दार नसते. आणि आम्ही? भिंतीला भिंत लागून राहणारे आपण, पलीकडच्या घरातील खोकला ऐकूनही दार ठोठावतो का?

म्हणून त्या टेबलाकडे परत जाऊ या. कदाचित त्या रस्त्यावर पूर्वीइतकी खडी पडणार नाही. कदाचित बर्फ सर्वांत शेवटी हटवला जाईल आणि त्या वृद्ध जोडप्यालाही तेवढी तडजोड मान्य करावी लागेल. थोड्यांचा हक्क म्हणजे अमर्याद हक्क नव्हे. रस्ता कसा असावा, हे खर्चाने खुशाल ठरवावे. टोकाला माणूस आहे की नाही, हे खर्चाने ठरवू नये. तो निर्णय त्यांना विचारल्यावाचून होऊ नये आणि तो करणारे लोक त्यांना नावाने ओळखणारे असावेत.

बाहेर बर्फ पडतच आहे. सातांपैकी एक जण उठतो, अंगात कोट चढवतो आणि म्हणतो, “ठराव नंतर करू. आधी मी त्यांच्याकडे जाऊन येतो.”