दुरून सुटलेला बाण



दावीद राजाने उरीयाचा वध केला, तेव्हा त्याच्या हातात तरवार नव्हती. राजा यरुशलेमेत आपल्या वाड्यात होता आणि उरीया यार्देनेपलीकडे राब्बा नगराच्या तटाखाली. मधले अंतर एका पत्राने तोडले, आणि ते पत्र उरीयानेच आपल्या हाताने वाहून नेले. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील या अध्यायाचे भाषांतर तपासताना एक गोष्ट मला दर वेळी थांबवते. मूळ हिब्रू कथनात ‘पाठवणे’ हे क्रियापद पुनःपुन्हा येते. राजा स्वतः कोठे जात नाही, तो पाठवतो. मराठी कानाला ही पुनरुक्ती खटकते व शब्द बदलण्याचा मोह होतो. पण तो आवरावा, कारण त्या अपराधाची सारी घडण त्या एका शब्दात आहे.

आपल्या युगात हे ‘पाठवणे’ पूर्णत्वास गेले आहे. रशियाचे टुपोलेव्ह-९५ हे लांब पल्ल्याचे बाँबफेकी विमान १९५२ साली प्रथम उडाले. त्या काळी बाँब टाकायचा तर शत्रूच्या नगरावर जावे लागे. मृत्यू देणारा वैमानिक मृत्यूचा धोकाही पत्करीत असे. क्रूझ क्षेपणास्त्राने ती अट काढून टाकली. २०२२ साली सुरू झालेल्या युक्रेनवरील आक्रमणात या विमानांनी बहुधा रशियाच्याच आकाशात किंवा कॅस्पियन समुद्रावर राहून केएच-१०१ क्षेपणास्त्रे सोडली. ज्या घरावर ती पडली ते घर विमानातील कोणीही पाहिले नाही.

बचाव करणाऱ्याची अडचण समजून घ्यावी. असे क्षेपणास्त्र ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने, म्हणजे प्रवासी विमानाहूनही काहीसे हळू जाते. पण ते भूमीलगत, टेकड्यांच्या आडोशाने जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीवरच्या रडारला ते ३०-४० किलोमीटरांच्या आत आल्यावरच दिसते. हाती जेमतेम तीन मिनिटे उरतात. म्हणून युक्रेनने खांबांवर हजारो मायक्रोफोन बसवले आणि नागरिकांच्या मोबाईलमध्ये अशी सोय केली की, आकाशात काही दिसताच त्या दिशेने फोन धरून एक बटण दाबावे. साधी माणसे पहारेकरी झाली. यहेज्केल संदेष्ट्याने वर्णिलेला पहारेकरी येथे आठवतो. संकट पाहूनही जो कर्णा वाजवीत नाही, त्याला नगराच्या रक्ताचा जाब द्यावा लागतो.

शस्त्र मुळीच न धरणाऱ्या ख्रिस्ती बांधवांविषयी मला आदर आहे. तथापि स्वतःचा गाल पुढे करणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या लेकराचा पुढे करणे वेगळे. त्या लेकरासाठी ढाल धरणे हे मी पाप मानत नाही.

८ जुलै २०२४ रोजी कीव्ह येथील ओखमातदित या मोठ्या बालरुग्णालयावर आघात झाला. मूत्रपिंडाच्या विकाराची मुले जेथे उपचार घेत, ती इमारत कोसळली. दोन प्रौढ माणसे मरण पावली. ते युक्रेनचेच बचावाचे क्षेपणास्त्र होते, असे रशियाने म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क निरीक्षकांना मात्र तो रशियाने सोडलेल्या क्षेपणास्त्राचा थेट आघात असण्याची दाट शक्यता दिसली. दुरून पाठवणाऱ्याची ही एक सोय असते, वाचकहो. त्याला आपलाच हात नाकारता येतो.

मग बाण अडवीत बसावे की धनुष्यच मोडावे? १ जून २०२५ रोजी युक्रेनने दुसरा मार्ग धरला. मालमोटारींत लपवलेले लहान ड्रोन रशियाच्या अंतर्भागात नेऊन, सैबेरियातील बेलाया तळासह अनेक तळांवर उभी असलेली बाँबफेकी विमाने त्यांनी जाळली. नगरावर बाण सोडणारे धनुष्य मोडणे हे नगर जाळण्यासारखे नव्हे. ते कृत्य मला समर्थनीय वाटते. परंतु मालमोटारी हाकणाऱ्यांना आपण काय वाहून नेत आहोत हे ठाऊक नव्हते, असे वृत्त आले, तेव्हा मला उरीयाच्या हातातील पत्र आठवले. न्याय्य बाजूनेही शेवटी कोणाला तरी नकळत ‘पाठवलेच’. कार्य न्याय्य आहे म्हणून हात आपोआप निर्मळ राहत नाहीत. ते रोज तपासावे लागतात.

हा प्रश्न परदेशातला म्हणून सोडू नका. भारत व रशिया यांनी मिळून घडवलेले ब्रह्मोस क्षेपणास्त्र सुखोई-३० विमानाला जोडून त्याचे पहिले उड्डाण २०१६ साली आपल्या नाशिकलाच झाले. मे २०२५ मध्ये भारत व पाकिस्तान या दोघांनीही एकमेकांवर क्षेपणास्त्रे सोडली. अशा कारखान्यांत व तळांवर आपल्या मंडळ्यांतील माणसेही प्रामाणिकपणे नोकरी करीत असतील. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण ‘लक्ष्य अचूक टिपले’ अशी बातमी ऐकून आपण आनंदतो, तेव्हा तेथे कोण होते, हे विचारण्याचे आपले कर्तव्य संपत नाही. मग तो बाण आपला असो की परक्याचा.

नाथान संदेष्टा राजवाड्यात आला तो एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट घेऊन. राब्बा आणि यरुशलेम यांमधले अंतर त्याने त्या गोष्टीने मिटवले. राजाला आपण मारलेला माणूस समोर दिसला. पुढे मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिली, तेव्हा त्याने बथशेबेचे नाव घातले नाही. तिला उरीयाची पत्नी म्हटले. इतक्या शतकांनंतरही मारलेल्याचे नाव राजाच्या वंशावळीतून पुसले गेले नाही. त्या वचनाचे भाषांतर करताना ‘उरीया’ हे नाव मी सावकाश लिहितो. युद्धाची बातमी वाचताना आपणही तसेच सावकाश वाचावे, एवढीच विनंती.