लग्गा आणि कव्हर

आमच्या घराण्यात खेळात जिंकलेला मी पहिलाच पुरुष. वडील बुद्धिबळ खेळत, पण जिंकण्यापेक्षा चाल परत घेण्यावर त्यांचा भर असे. तेव्हा मागच्या रविवारी मी एक डाव जिंकलो, आणि तोही एका फटक्यात, ही बातमी घरात ज्या थंडपणानं घेतली गेली त्याचं मला वाईट वाटलं. ही म्हणाली, ‘‘येताना कोथिंबीर आणलीत का?’’

त्याचं असं झालं. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे गेली तीन वर्षं तो मन लावून पूल खेळतो आहे. ठाण्याला त्यांच्या घराजवळ एका दुकानाच्या माडीवर ती टेबलं आहेत. तासावर पैसे. ‘‘मामा, चल, तुला शिकवतो,’’ म्हणाला. भाच्यानं मामाला धडा शिकवण्याची परंपरा आपल्याकडे कंसापासून आहे. मी निमूटपणे गेलो.

या खेळातल्या काठीला क्यू म्हणतात. बँकेतल्या रांगेलाही क्यूच म्हणतात, पण ती इतकी सरळ नसते. आम्ही खेळलो तो नाईन बॉल. टेबलावर नऊ बॉल शंकरपाळ्याच्या आकारात मांडतात. एक नंबर पुढच्या टोकाला, नऊ नंबर बरोबर मधे. पांढरा बॉल दर वेळी टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबराला आधी लागला पाहिजे आणि नऊ नंबर जो खड्ड्यात घालील तो जिंकला. पहिले आठ कोणी घातले, याची चौकशी नाही. आमच्या ऑफिसातही कागद आठ टेबलं फिरतो आणि नाव होतं ते नवव्या सहीचं, त्यामुळे हा नियम मला लगेच समजला.

‘‘ब्रेक तू कर,’’ भाचा उदारपणे म्हणाला. मी डोळे मिटून (खोटं कशाला बोला?) फटका मारला. उघडून पाहतो तो साहेब जागेवर नसताना स्टाफ पांगावा तसे सगळे बॉल चहूकडे पांगलेले. नऊ नंबर मात्र दोन कडांना आपटला, कोपऱ्याशी येऊन जरा घुटमळला आणि आत गेला.

‘‘जिंकलो ना?’’ मी विचारलं.

‘‘हे धरायचं नाही, मामा. लग्गा आहे हा!’’

आता लग्गा तर होताच. पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. खात्यात रक्कम जमा झाली की झाली. ती कशी आली ते इन्कम टॅक्सवाले बघतील. काउंटरवरच्या पोराला मी पंच नेमला. त्यानं फोनमध्ये बघून निकाल दिला, ‘‘धरायचं, अंकल. ब्रेकमध्ये नऊ गेला तरी गेम.’’

भाच्याचा चेहरा पडला. ‘‘पण तू काही केलंच नाहीस!’’ तो म्हणाला.

हे वाक्य मला लागलं. साहेब वर्षातून एकदा हेच म्हणतात, पण ते लागत नाही.

रात्री झोप येईना, म्हणून मीही फोन घेऊन या खेळांचे नियम वाचत बसलो. तर काय! एट बॉलमध्ये ब्रेकलाच आठ नंबर गेला, तर जागतिक नियमांप्रमाणे तो विजय नाही. तो परत टेबलावर ठेवा नाहीतर पुन्हा ब्रेक करा. नाईन बॉलमध्ये नऊ गेला तर विजय. आणि टेन बॉलमध्ये दहा गेला तर पुन्हा परत टेबलावर! शिवाय ब्रेकनंतर प्रत्येक फटक्याआधी कुठला बॉल कुठल्या खड्ड्यात घालणार ते सांगायचं. म्हणजे नवाला जे पुण्य ते आठाला नाही आणि दहालाही नाही. एका बॉलाच्या फरकानं नीतिशास्त्र बदलतं, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला आमच्या ऑडिटरकडे पाठवलं असतं.

भाच्याचं म्हणणं (हे त्यानं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, म्हणजे झोप त्यालाही लागली नव्हती) असं की, मोठ्या स्पर्धेत एका डावावर निकाल नसतो. पुष्कळ डाव होतात, त्यात दोघांचे लग्गे फिटून जातात आणि जो खरा खेळणारा तोच वर येतो. मला ते पटलं. फक्त ज्याला एकच डाव मिळतो त्यानं काय करायचं, हे त्याला सांगता येईना.

आपल्या पूर्वजांनी या प्रकाराला नाव दिलं आहे : काकतालीय न्याय. कावळा यायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली. आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण गंमत बघा, त्यालाही त्यांनी ‘न्याय’च म्हटलं! इंग्रज त्यापेक्षा धूर्त. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत त्यांच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं (नाव नेव्हिल चेंबरलेन, पण पंतप्रधान झाला तो वेगळा) स्नूकर हा खेळ काढला, असं मानतात. त्यात लग्ग्याचे गुण मिळतात, पण प्रतिपक्षाकडे बघून हात जरासा वर करायची पद्धत आहे. माफ करा, असं म्हणायचं. गुण परत करायचे नाहीत. फक्त हात वर करायचा.

सोमवारी लंच टाइमला कॅरम खेळताना हे सगळं मी आमच्या हेडकॅशिअरना सांगितलं. त्यांनी स्ट्रायकरवर फुंकर मारली. ‘‘आपला कॅरम बरा,’’ ते म्हणाले. ‘‘स्वतःची एक सोंगटी घेतल्याशिवाय राणीला हात लावायचा नाही. आणि राणी घेतली, लग्ग्यानं का होईना, तरी लगेच दुसरी सोंगटी घेऊन कव्हर करायची. कव्हर नाही तर राणी परत मधे. लग्गा लागू दे हो, पुढचा फटका तरी आपला पाहिजे की नाही?’’

मी मान डोलावली. पण माझं लक्ष उडालं होतं.

हेडकॅशिअर आणि मी एकाच वर्षी बँकेत लागलो. पंधरा वर्षांपूर्वी सरकारी घरांच्या सोडतीचा फॉर्म त्यांनीच मला आणून दिला. मला नको होता. ‘‘आपल्याला कुठलं लागतंय!’’ असं म्हणून मी तो तसाच ड्रॉवरमध्ये टाकला होता. शेवटच्या दिवशी त्यांनी तो बाहेर काढला, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भरला आणि माझी फक्त सही घेतली. स्वतः ते सहा वर्षं अर्ज करत होते. कुठल्या योजनेत किती घरं, कुठल्या गटात किती अर्ज, सगळं त्यांना तोंडपाठ.

सोडत ऐकायलाही तेच गेले होते. माझा नंबर लागल्याचं त्यांनीच येऊन सांगितलं. त्यांचा लागला नव्हता. पेढे मी वाटले, त्यांनी दोन घेतले. त्यानंतर घरांच्या किमती अशा वाढल्या की अर्जाबरोबरची अनामत भरणंसुद्धा त्यांना जमेना. आजही ते बदलापूरहून येतात, भाड्याच्या घरातून, सहा दहाची लोकल पकडून.

कव्हर म्हणाल तर मी करतो आहे. पंधरा वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो. एकही चुकलेला नाही. पण ते बँकेला. त्यांच्याकडे बघून मी काही हात वर केला नाही. तेव्हा ही पद्धत माहीत नव्हती असं म्हणता येईल, पण स्नूकर १८७५ सालचं आहे.

‘‘अहो, खेळा! तुमचा फटका!’’ ते म्हणाले.

मी एका पांढऱ्या सोंगटीवर नेम धरला. ती गेली नाही. स्ट्रायकर समोरच्या कडेला लागून परत आला, काळीला लागला, काळी राणीला लागली आणि राणी सरळ माझ्या उजव्या हाताच्या खिशात.

मी हेडकॅशिअरकडे बघून हात वर केला.

‘‘काय हो? पाणी प्यायला जायचंय?’’

‘‘नाही, नाही. असंच.’’

‘‘मग कव्हर घ्या. दोनला पाच कमी आहेत, बाहेर क्यू लागलाय.’’

सोपी होती, खिशाच्या तोंडाशीच होती. माझी सुटली. त्यांनी राणी उचलली, पावडर पुसली आणि परत मधे ठेवली.