वही चोरीला गेली, उधारी नाही



आजचा श्लोक : गीता, अध्याय ३, श्लोक १२. भगवंत म्हणतात, यज्ञाने प्रसन्न झालेले देव आपल्याला हवे ते देतात. पण त्यांचं त्यांना परत न देता जो नुसताच भोगत राहतो, तो चोरच. शब्द कडक आहे ना? मलाही तो नेहमी दुसऱ्याच कुणासाठी असावा असं वाटायचं. गेल्या आठवड्यात तो माझ्यापर्यंत आला.

आमच्या ऑफिसच्या गल्लीत एका काकांची पोहे-चहाची टपरी आहे. रात्री कुणीतरी कुलूप तोडलं. सिलिंडर, शेगडी, गल्ला, सगळं गेलं. सकाळी काका रिकाम्या फळीवर बसलेले. आमच्या ग्रुपवर लगेच वर्गणी सुरू झाली. मी ५०० रुपये टाकले. दुपारी पैसे द्यायला गेलो तेव्हा काकांनी हात जोडले. खरं सांगतो, छान वाटलं.

निघताना ते सहज म्हणाले, "दादा, गल्ल्यात उधारीची वहीपण होती. आता ज्याला जे आठवेल, ते खरं."

मला आठवत होतं. माझ्या खात्यावर साधारण ३८० रुपये होते. महिनाअखेरीला देतो म्हणून लिहून ठेवलेले.

आता हिशोब करा. ५०० मधले ३८० तर त्यांचेच होते. म्हणजे माझी मदत १२० रुपयांची, आणि नमस्कार घेतला ५०० चा.

मन वकिली करायला लागलं. पैसे पोचले ना? मग त्याला उधारी म्हणा नाहीतर मदत, काय फरक पडतो? फरक पडतो. उधारी चुकवताना आपण दोघं बरोबरीचे असतो. त्यांनी पोहे दिले, मी पैसे दिले, विषय संपला. मदत म्हटलं की मी देणारा आणि ते घेणारे. ज्या माणसाचं नुकतंच सगळं गेलंय, त्याच्याच पैशांसाठी त्याला माझे आभार मानायला लावायचे?

इथे तुकोबा आठवले. दुष्काळानंतर त्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. तेही धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याला देऊन, फक्त स्वतःच्या वाट्याची. बघा, कर्ज सोडायचा हक्क ज्याचं येणं आहे त्याचा. कर्जदाराने खतं बुडवली तर ते वैराग्य नाही, ती लबाडी. काकांची वही चोराने नेली. ती हरवल्याचा फायदा मी गुपचूप घेतला, तर त्याच चोरीत माझाही वाटा झाला.

श्लोक यज्ञाबद्दल आहे, देवांबद्दल आहे, हे मान्य. पण ज्याच्या हातचं रोज खाल्लं त्याचं देणं बुडवून मी देवापुढे कुठला नैवेद्य ठेवणार?

दुसऱ्या दिवशी गेलो आणि सरळ सांगितलं, "काका, हे कालच्यातले नाहीत. ही माझी उधारी, ३८०." त्यांनी क्षणभर विचार केला आणि २० रुपये परत केले. "गुरुवारी तुम्ही नव्हता आलात, दादा. ३६० होतात." हात जोडले नाहीत. चहा दिला, आणि त्याचे पैसेही घेतले. आदल्या दिवशीच्या नमस्कारापेक्षा मला हे जास्त आवडलं.

दान करायचंच नाही, असं मी म्हणत नाहीये. सतराव्या अध्यायात (श्लोक २०) भगवंत सात्त्विक दान सांगतात : द्यायला हवं म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. चोरी झालेल्या टपरीला नवा सिलिंडर घेऊन देणं यात नक्की बसतं. फक्त क्रम चुकवू नका. आधी देणं, मग दान. आणि नंतर रोजचं गिऱ्हाईक बनून जात राहा, कारण वर्गणी एकदाच होते, टपरी मात्र रोज उघडावी लागते.

आजचा छोटा संकल्प : भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले दादा, डबेवाल्या काकू, यांच्यापैकी कुणाचं काही राहिलंय का? त्यांच्या वहीत नसेल, पण आपल्याला आठवतंय, असं काही? आजच देऊन टाका. फोटो नको, स्टेटस नको.

जय हरी विठ्ठल 🌿