ज्यांची लीळा कुणी लिहिली नाही

1981 साली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, सुमित्रा देवची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची. बाईचा बाईवर जीव जडतो आणि तो जिवावर बेततो, हे मराठी प्रेक्षकांनी त्याआधी इतक्या उघडपणे क्वचितच पाहिलं होतं. नाटक धीटच. तरीही गोष्ट मित्रा स्वतः सांगत नाही, तिचा मित्र बापू सांगतो. तिचं आयुष्य आपल्यापर्यंत पोचतं ते एका पुरुषाच्या आठवणीतून. अमरावती, अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर इथल्या घरांमधून अशा ज्या बायका होऊन गेल्या असतील, त्यांच्या वाट्याला तर बापूही आला नाही. घराण्याच्या आठवणीत त्या 'लग्न न केलेली आत्या' म्हणून थांबतात, किंवा कुणाची तरी सून म्हणून विरून जातात. ज्यांच्याविषयी एक ओळ कुणी लिहून ठेवली नाही, त्यांचं स्मरण करणं हे आपलं कर्तव्य आहे की आपल्याच मनाचे खेळ? माझ्या मते हा धर्माचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'कर्तव्य' असंच आहे. ते पार कसं पाडावं, याचा धडा वऱ्हाडातच साडेसातशे वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं श्रद्धास्थान. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांना एकच काम उरलं होतं, स्मरण. त्यांच्या लेखी ती साधना होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांना गाठलं, विचारलं, पारखून घेतलं आणि त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. पुढे 'स्थानपोथी'त तर स्वामी कुठे बसले, कुठे निजले, दार कोणत्या दिशेला होतं, इतकं टिपलेलं आढळतं. अकोला जिल्ह्यातल्या आलेगावसारख्या गावी जाणारा पंथीय आजही त्या जागा शोधतो. परंपरा असं सांगते की चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथ्या नाहीशा झाल्या आणि ज्यांना त्या मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेतल्या गेल्या. त्यांत हिराइसा नावाची एक बाई होती. तिच्या नावाचा पाठ प्रसिद्ध आहे. आठवणी जिथे जुळल्या नाहीत तिथे संकलनकर्त्यांनी एक खरी धरून दुसरी फेकून दिली नाही. 'एकी वासना' असं म्हणून वेगळी आठवणही शेजारी नोंदवली. पुरावा अपुरा असताना प्रामाणिक कसं राहावं, याचा याहून चांगला रिवाज मला ठाऊक नाही. साक्ष कोणाची ते सांगा, दुमत असेल तर दुमत म्हणूनच ठेवा, पण पूर्ण खात्री नाही म्हणून पान कोरं सोडू नका.

या स्मरणात बायकांची जागा मोठी होती. बाइसा, आबाइसा, उमाइसा, महदाइसा या लीळांमधून सतत वावरतात, रुसतात, भांडतात, प्रश्न विचारतात. पंथाचं लेखन संस्कृतात करावं अशी इच्छा पुढे आली तेव्हा चक्रधरांनंतरचे पंथप्रमुख नागदेवाचार्य यांनी ती मोडून काढली, कारण मग म्हाताऱ्या बायकांना त्यातलं काही कळलं नसतं. आणि महदाइसेचे धवळे पाहा. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांना लग्नाची हौस आली, रिद्धपुरात तो सोहळा मांडला गेला, आणि लग्नगीतं रचली ती महदाइसेनं, एका विधवेनं. जिची सावलीही मांडवात अशुभ मानत, तिच्या तोंडून श्रीकृष्ण-रुक्मिणीचं लग्न गायलं गेलं, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव राहिलं. आता इथे थांबून एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. महदाइसा किंवा तिच्या सोबतिणी समलिंगी होत्या असं मी म्हणत नाही. त्या संन्यासिनी होत्या, ब्रह्मचर्य हा त्यांचा नियम होता, आणि साक्षीशिवाय त्यांना आपलं नाव चिकटवणं हा त्यांच्याच पद्धतीचा भंग ठरेल. पण लग्न आणि संसार यांच्या बाहेर, बायकांच्या सोबतीत, बाईला अर्थपूर्ण आयुष्य जगता येतं आणि ते लिहून ठेवण्याजोगं असतं, एवढं त्यांच्या उदाहरणानं या मातीत सिद्ध झालेलं आहे.

साक्षच नाही म्हणजे अशा बायकाच नव्हत्या, हा पहिला आक्षेप. पण साक्ष का नाही याची कारणं शोधता येतात. 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 377 ज्या कृत्याला गुन्हा ठरवत होतं, त्याच्या व्याख्येत दोन बायकांचा संबंध सहसा बसत नसे. त्यामुळे पुरुष निदान खटल्यांच्या कागदांत सापडतात. बाईला शिक्षेच्या दफ्तरातही जागा मिळाली नाही. तिची शिक्षा घरात व्हायची. घाईनं उरकलेलं लग्न, कोंडून ठेवणं, किंवा पळून गेलीच तर 'बेपत्ता' अशी पोलिसांतली नोंद. मद्रास उच्च न्यायालयानं 7 जून 2021 रोजी ज्या प्रकरणात आदेश दिले, तेही मदुराईहून निघून गेलेल्या दोन तरुणींच्या पालकांनी दिलेल्या अशाच तक्रारींतून उभं राहिलं. आणि उघड छापलेलं तरी कुठे टिकतं? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 मध्ये पुण्यात छापली गेली, जोतीराव फुल्यांनी तिची पाठराखण केली. तरी ती विस्मृतीत गेली आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ती पुन्हा पुढे आणेपर्यंत तिथेच राहिली. धारदार लेखणी असलेल्या, छापील पुस्तक मागे ठेवलेल्या वऱ्हाडातल्या बाईची ही गत. मग जिनं उशीखाली चार पत्रं ठेवली आणि मरताना ती चुलीत घातली, तिच्याविषयी कागद सापडत नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, असा दुसरा आक्षेप. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एका कन्येनं दुसरीला 'दूषित' केल्यास दोनशे पण दंड, दुप्पट शुल्क आणि दहा फटके सांगितले आहेत; तेच प्रौढ स्त्रीनं केल्यास मुंडण किंवा दोन बोटं तोडणं, आणि गाढवावरून धिंड. त्या श्लोकांचा रोख कौमार्यावर आहे, प्रेमावर नाही, हे मान्य. पण जे आपल्याकडे घडतच नव्हतं त्याला इतक्या बारकाईनं दंड कोण नेमून ठेवील? नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते, आणि पुढच्याच महिन्यात महाडला मनुस्मृती जाळली गेली. ज्या ग्रंथाचा अधिकार या भूमीनं जाहीरपणे नाकारला, त्यानं दंडित केलेल्या बायकांना मात्र आपण अजून बाहेरच उभं ठेवलं आहे, याचा मला खेद वाटतो. वऱ्हाड 1956 पर्यंत ज्या मध्य प्रदेशात होता, त्याच मध्य प्रदेशात डिसेंबर 1987 मध्ये लीला आणि ऊर्मिला या दोन महिला पोलिसांनी एकमेकींशी लग्न केलं, आणि त्यांची नोकरी गेली. त्या कोणत्या परदेशी चळवळीच्या कार्यकर्त्या नव्हत्या. मुंबईत 'स्त्री संगम' हा समलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला तोही 1995 मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ज्यांनी आयुष्यभर लपवलं, त्यांना आपण उघडं का पाडावं? याला घाईचं उत्तर देऊ नये. महानुभावांनीही आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं झाकून ठेवल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या बाहेरच्या अभ्यासकांसमोर खुल्या झाल्या. झाकलं ते जपण्यासाठी होतं. कायमचं पुसलं जावं म्हणून नव्हतं. बाईच्या मौनातही हे दोन्ही हेतू असू शकतात आणि तिच्या पश्चात आपल्याला ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून मृतांची नावं तर्कानं चव्हाट्यावर आणण्याला माझा विरोध आहे. त्यांचं स्मरण नाव न घेताही करता येतं, जसं आपण सर्वपित्रीला तिथी ठाऊक नसलेल्यांचंही करतो. जिवंत असलेल्यांची गोष्ट निराळी, कारण त्यांना विचारता येतं. कलम 377 विषयीच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर बोलण्यात कायद्याची धास्ती उरलेली नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला, म्हणजे अशा जोडप्यांची विवाहनोंदणीतली नोंदही अजून दूरच. तोवर म्हाइंभटाचं काम कुणीतरी हाती घेतलं पाहिजे. अमरावती-अकोल्यातल्या साठी-सत्तरीच्या बायकांकडे जाऊन, त्यांच्या वऱ्हाडीत, त्या सांगतील तेवढंच लिहून घ्यायचं. दोघींच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवायच्या. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. या साक्षी तिथे ठेवता येतील, मोहोरबंद पाकिटात. ते कधी उघडायचं ती तारीख त्या बाईनंच घालायची, आणि मन बदललं तर पाकीट परत मागण्याचा हक्कही तिचाच.