नैवेद्याचा गूळ



कठोपनिषदात शरीराला रथाची उपमा दिली आहे. इंद्रिये हे त्याचे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. हे रूपक आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु बाजारात गुळाच्या ढेपेपुढे उभे राहिलो की सारथ्याला डुलकी लागते आणि डोळा हा घोडा रथ ओढू लागतो.

ढेप पिवळीधमक दिसली की उत्तम, काळपट दिसली की हलकी, असा निवाडा आपण क्षणात करतो. तो निवाडा थेट गुऱ्हाळापर्यंत पोहोचतो. जुन्या पद्धतीत काहिलीतील रस रानभेंडीच्या चिकाने निवळून मळी काढून टाकीत. अशा गुळाला बहुधा तांबूस-तपकिरी रंग येतो. त्यास भाव कमी मिळतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी रसात हायड्रॉस नावाची रासायनिक पूड घालून रंग उजळवितात. हा उजाळाही टिकाऊ नसतो; साठवणीत ढेप पुन्हा काळवंडते. आपल्या डोळ्याने जे मागितले तेच बाजाराने पुरविले; मग एकट्या गुळव्याला दोष कसा द्यावा?

मग काळा गूळ घेतला की झाले काय? तसेही नाही. पाक करपला तरी गूळ काळा होतो. शिवाय ऊस शेणखतावर वाढला की रासायनिक खतावर, हे रंग सांगत नाही, जीभही सांगत नाही. उलट पुडीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द वाचला की तोच गूळ अधिक गोड वाटू लागतो! म्हणून विचारपूस हवी. उत्पादकाची माहिती घ्यावी, पुडीवरील खूण पाहावी. 2017 सालच्या केंद्रीय नियमांनी प्रमाणित सेंद्रिय मालासाठी ‘जैविक भारत’ ही खूण ठरविली.

चव त्याज्य नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराच्या लक्षणांत रसाळपणाही गणला आहे. आस्वाद जिभेने घ्यावा, निवड मात्र बुद्धीने करावी. नैवेद्य आपण आधी चाखत नाही, त्याचा वासही घेत नाही. जिभेला न विचारता अन्न शुद्ध राखण्याचा हा संस्कार घरोघरी आहेच. तोच बाजारातही न्यावा. मोदकाचे सारण किंचित सावळे दिसले म्हणून नाक मुरडू नये. प्रामाणिकपणे गूळ करणाऱ्यास योग्य दाम देणे, हीही देवाचीच सेवा होय.

आपणा सर्वांचा सारथी सदैव जागा राहो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.